पुनर्विकासासाठी घर रिकामं करायचंय: चालू वस्तू कुठे आणि कशा द्याव्यात?

पेठकर
पुण्यात नारायण पेठेतली इमारत पुनर्विकासाला जातेय, महिन्याभरात ताबा द्यायचाय. भाड्याची जागा लहान आहे. पुढच्या वस्तू चालू आहेत, भंगारात घालायच्या नाहीत: एकदारी फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी, लोखंडी कपाट, तांब्याचा बंब आणि पितळी भांडी, पाइप गॅसवर चालणारी शेगडी, शिवाय एक जुनं सिलिंडर कनेक्शन, कापसाच्या गाद्या, साड्या. पैसे आले तर उत्तम, नाही आले तरी चालेल. वस्तू वापरात राहायला हव्यात.

पानापक्कड
कोणाला द्यायचं ते नंतर ठरवा, आधी मशीनच्या ट्रान्झिट बोल्टांचा शोध घ्या. फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो आणि त्याला सिमेंटचं वजन लावलेलं असतं. मागच्या बाजूचे तीन-चार बोल्ट लावून ड्रम जखडला नाही, तर टेम्पोच्या धक्क्यांनी शॉक अब्झॉर्बर निकामी होतात. मग नव्या घरी मशीन स्पिनला लागलं की खोलीभर नाचतं, आणि घेणारा म्हणतो बिघडलेलं दिलं. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा. खालच्या फिल्टरच्या झाकणाशी पसरट ताट धरून आत उरलेलं पाणी काढा. पाण्याचे पाइप आणि मॅन्युअल ड्रममध्येच ठेवा, म्हणजे वाटेत हरवणार नाहीत.

फ्रिज न्यायच्या आदल्या रात्रीच बंद करून दार उघडं ठेवा. बर्फ सुरीने खरवडू नका. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीजरची भिंत म्हणजेच गॅसची पातळ नळी असते, तिला भोक पडलं की चालू वस्तूचं भंगार झालंच. मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी आठवणीने ओता, नाहीतर ते जिन्यात हमालाच्या पायावर सांडतं. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून नव्या जागी दिवसभर उभा ठेवून मगच चालू करायला सांगा.

बॅटरी महिनोन्महिने चार्जविना पडली की प्लेटवर सल्फेट जमतं आणि ती मरते. म्हणून ती आधी हलवा. पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल तपासून घ्या. पाच सारखे आणि एक बराच खाली असेल तर ती कोणाला वापरायला देऊ नका, डीलरकडे जमा करा. नवी घेणार असाल तर तो जुनीची किंमत वळती करतो. चांगली असेल तर टर्मिनलवर चिकटपट्टी लावून उभीच न्या. कलंडली की झाकणांतून ॲसिड येतं.

तपेली
पितळ-तांबं एकत्र तोलू देऊ नका. तांब्याचा भाव जास्त असतो, आणि एकाच काट्यावर टाकलं की सगळ्याला पितळेचा भाव लागतो. लोखंडी कड्या आधी काढा किंवा त्यांचं वजन किती धरणार ते विचारा. घरी वजन करून कागदावर लिहून न्या. दुकानात नवी भांडी घेताना मोड घातली तर रोखीपेक्षा जरा बरा हिशेब होतो, पण तुम्हाला सामान कमी करायचंय, तेव्हा हा मोह टाळा.

खरं म्हणजे धड भांडी मोडीत घालायचीच कशाला? मोड म्हणजे वितळवणं. कल्हई उडालेली पातेली कल्हई करून दिली की स्वयंपाकाला चालतात, फक्त तोवर त्यांत ताक-चिंच ठेवू नये. बंब तर मुळीच मोडू नका. झाकण, आतली जाळी आणि तोटी असा पूर्ण संच असेल तर गावाकडे पाणी तापवायला आजही घेतात. जाळी हरवलेला बंब मात्र शोभेची वस्तूच होतो. तोटी गळत असेल, एखादा पोचा असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा. किरकोळ लोखंडी सामान, कुलपं, अडकित्ते यांसाठी जुना बाजार आहे (रविवारी आणि बुधवारी), पण तिथे घासाघीस फार.

निळी_ज्योत
शेगडीबद्दल सावधान. पाइप गॅसचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असतो, म्हणून त्या शेगडीच्या जेटचं (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी) भोक मोठं करतात. ती तशीच सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि भाजण्याचा धोका असतो. सिलिंडरवाल्याला द्यायची असेल तर मेकॅनिककडून जेट बदलून घ्या. पाइप गॅसवाल्याला द्यायची तर आहे तशीच द्या. शेगडीबरोबर जुनी रबरी नळी देऊ नका. नळीची मुदत पाच वर्षं, वर्ष तिच्यावरच छापलेलं असतं.

सिलिंडर आणि रेग्युलेटर तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. ते शेजाऱ्याला किंवा कामवाल्या मावशींना देणं नियमात बसत नाही आणि पुढे काही झालं तर कनेक्शन तुमच्या नावावर असतं. सबस्क्रिप्शन व्हाउचर (कनेक्शन घेताना मिळालेला कागद) घेऊन वितरकाकडे दोन्ही जमा करा. व्हाउचरवर लिहिलेली अनामत परत मिळते, आजच्या दराने नाही. कागद हरवला असेल तर तसं लिहून द्यावं लागतं.

पेठकर
बंब आणि शेगडीचं बरंच नवीन कळलं. गाद्या, साड्या आणि कपाटाचं काय? शिवाय ऑनलाइन जाहिरात टाकावी का?

तपेली
वापरलेल्या गाद्या-उशा संस्था सहसा घेत नाहीत, ढेकणांची भीती. पण कापूस वाया जात नाही: दोन कडक उन्हं दाखवून पिंजाऱ्याकडे द्या, तो पिंजून नव्या खोळीत भरतो. एका मोठ्या गादीच्या दोन लहान करून दिल्या की घेणारे लगेच मिळतात. फोमला हा मार्ग नाही. मऊ झालेल्या सुती साड्या बोहारणीला देण्याआधी गोधड्या शिवणाऱ्यांना विचारा. सिंथेटिक साडी टाक्यात घसरते, ती त्यांना नको असते. बाकीचे कपडे धुऊन, बटणं-चेन तपासून ‘गूंज’सारख्या संस्थेला. फाटके आणि आतले कपडे पिशवीत घालू नका, निवडणाऱ्यांचा वेळ जातो. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेचा व्ही-कलेक्ट उपक्रमही वापरण्याजोग्या वस्तू घेतो, तारीख आधी विचारून घ्या.

पानापक्कड
कपाटाच्या आतल्या चोरकप्प्यात हात घालून बघा, लॉकरच्या दोन्ही किल्ल्या शोधा. किल्लीशिवाय कपाट म्हणजे पत्र्याचं वजन. फळ्या काढून, दारं दोरीने बांधून न्या. नव्या जागी कुलूप लागत नसेल तर कपाट बिघडलेलं नसतं, जमीन उंचसखल असते. एका पायाखाली चकती सरकवली की दार बसतं.

जाहिरातीत मॉडेल नंबर, खरेदीचं साल, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि वस्तू चालू असतानाचा व्हिडिओ टाका. अर्धे फोन त्यानेच कमी होतात. न बघताच पूर्ण किमतीला तयार होऊन ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा ठगच. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि सोसायटीत सामान बाहेर काढायला वॉचमनला चिठ्ठी लागत असेल तर ती आदल्या दिवशीच घ्या. टेम्पोवाला थांबण्याचे पैसे वेगळे लावतो.