व्हीजीसी: नवख्याने तयार टीम घ्यावी की स्वतःची बांधावी?

डोंगरमाथा
पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांकडे, म्हणजे व्हीजीसीकडे वळणारा नवा खेळाडू सगळ्यात आधी आपले आवडते सहा पोकेमॉन गोळा करतो. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. पहिला सीझनभर एखाद्या मुरलेल्या खेळाडूची टीम जशीच्या तशी घ्यावी आणि तीच खेळत राहावं.

इथे दोन विरुद्ध दोन अशी लढत असते. सहांमधून चार निवडायचे, सगळे लेव्हल ५० वर येतात. समोरच्याचे सहा बघून कोणते चार घ्यायचे आणि सुरुवातीला कोणते दोन उतरवायचे, निम्मा सामना इथेच ठरतो. हे शिकायला शेकडो सामने लागतात. स्वतः बांधलेल्या टीमने हरलात तर दोष टीमचा की खेळाचा, हे नवख्याला कळतच नाही. टीम पारखलेली असली की एवढं तरी पक्कं असतं की खेळ सुधारायचा आहे.

माळरान
साफ असहमत. तुम्ही म्हणता तसं करणारे कितीतरी जण लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत, भेटतात. चाली अचूक पाठ असतात, पण टीममधला एखादा आकडा तसा का आहे विचारलं तर सांगता येत नाही.

एक उदाहरण देते. इन्सिनरोर या पोकेमॉनच्या स्पीडमध्ये १२ ईव्ही, म्हणजे ट्रेनिंगने मिळणारे गुण. ज्याचा स्पीड जास्त, तो आधी चाल करतो. पेस्टमध्ये (टीमचा कॉपी करता येणारा मजकूर) हा आकडा दिसला की नवखा तो डोळे मिटून भरतो. हिशोब असा आहे: लेव्हल ५० ला इन्सिनरोरचा स्पीड काहीही न घालता ८०, ४ ईव्ही घातले की ८१, १२ घातले की ८२. टेलविंड ही चाल लावलेली असताना आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट, म्हणजे १६४. आणि स्पीड वाढवणारं नेचर (स्वभाव) अन् पूर्ण २५२ ईव्ही दिलेला समोरचा पोकेमॉन अर्शिफू १६३ वर असतो. म्हणजे त्याच्याआधी चाल करायला मिळते.

ती चाल का हवी? अर्शिफूचे मुख्य घाव कायम क्रिटिकल बसतात, म्हणजे उतरलेला अटॅक मोजतच नाहीत, त्यामुळे इन्सिनरोरच्या इंटिमिडेट या अॅबिलिटीने (अंगभूत गुणाने) उतरलेला अटॅक त्याला नडत नाही. पण त्याच्याआधी विल-ओ-विस्प ही भाजणारी चाल लागली आणि तो भाजला, तर घावाची ताकद निम्म्यावर येते. बारा ईव्हींमागे एवढा विचार आहे.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये रेग्युलेशन एच (कोणते पोकेमॉन चालतील हे ठरवणारी नियमावली) आलं आणि अर्शिफूलाच बंदी झाली. ज्याने आकडा फक्त उतरवून घेतला होता, त्याच्या इन्सिनरोरवर ते बारा ईव्ही तसेच पडून राहिले. ज्याने हिशोब केला होता, त्याने त्याच दिवशी ते दुसरीकडे वळवले.

डोंगरमाथा
उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलतं. हा हिशोब नवख्याला सुचला असता का? त्याला आधी अर्शिफूचा मार खावा लागेल, टेलविंड कधी लावायचा हे अंगवळणी पडावं लागेल. चांगले खेळाडू स्पर्धेनंतर टीम रिपोर्ट लिहितात, त्यात आकड्यांची कारणंही देतात. टीम घ्या, रिपोर्ट वाचा, खेळा. बांधणं त्यानंतर.

तिसरी_घंटा
दोघंही शोडाऊनच्या (लढतींचा ऑनलाइन सिम्युलेटर) हिशोबाने बोलताय. तिथे पेस्ट टाकली की टीम तयार. प्रत्यक्ष गेममध्ये प्रत्येक पोकेमॉन घडवावा लागतो. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये एक व्हिटॅमिन १० ईव्ही देतं आणि गेममधल्या पैशांत १०,००० ला पडतं. एका स्टॅटला २५२ पर्यंत न्यायचं तर २६ व्हिटॅमिन, म्हणजे २,६०,००० झाले. वरचे बारा ईव्ही म्हणजे एक कार्बोस (स्पीडचं व्हिटॅमिन) आणि एकेक ईव्ही देणारी दोन स्विफ्ट फेदर. आकडा बदलायचा तर टमाटो बेरी खाऊ घालून स्पीडचे ईव्ही आधी उतरवायचे.

ही मेहनत टाळायला बाहेरच्या सॉफ्टवेअरने पोकेमॉन बनवून घेणारेही आहेत. २०२३ च्या योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत तपासणीत पकडले जाऊन काही खेळाडू बाद झाले. तिथवर पोहोचून असं बाहेर पडणं फार वाईट. मला विचाराल तर निदान एक टीम हाताने घडवावी. एकेका फेदरचा हिशोब ठेवला की एका पोकेमॉनला असलेली ५१० ईव्हींची मर्यादा किती तोकडी आहे ते आपोआप समजतं.

पाऊसपाणी
आवडत्या पोकेमॉनना इतकं हिणवू नका. २०१४ ची जागतिक स्पर्धा, वॉशिंग्टन डीसी. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जगज्जेता झाला. ती इवलीशी खार कोणाच्या यादीतही नव्हती! सगळ्यांनी तयार टीमच घेतल्या असत्या तर हे घडलं असतं का?

डोंगरमाथा
पाचिरिसूचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो आणि दरवेळी अर्धाच येतो. पार्कने तो गोंडस दिसतो म्हणून घेतला नव्हता. त्याच्या गायराडोसला विजेचा घाव जिव्हारी लागतो. पाचिरिसू फॉलो मी या चालीने तो घाव स्वतःवर ओढून घ्यायचा आणि व्होल्ट अॅब्सॉर्ब या अॅबिलिटीमुळे उलट त्याचीच तब्येत सुधारायची. वर सुपर फँग या चालीने समोरच्याची उरलेली हेल्थ निम्मी. अशी नेमकी जागा ओळखायला आधी रुळलेल्या टीमची नस माहीत असावी लागते. नवख्याला हे जमेल असं सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल आहे.

माळरान
पाचिरिसूबद्दल तुमचं पटलं. पण एका गोष्टीकडे तुम्ही लक्षच देत नाही आहात. स्कार्लेट-व्हायोलेटच्या मोठ्या स्पर्धांत टीम शीट, म्हणजे टीमचा तपशील, खुलं असतं. चाली, आयटम, अॅबिलिटी, टेरा टाइप (लढतीत बदलता येणारा प्रकार), सगळं समोरच्याला सामन्याआधी वाचायला मिळतं. झाकलेलं काय राहतं? ईव्ही आणि नेचर. म्हणजे लपवण्यासारखं जे काही उरलंय ते नेमकं ट्रेनिंगमध्ये आहे. गाजलेली टीम जशीच्या तशी आणलीत तर तेही उघडं पडतं, कारण तो रिपोर्ट समोरच्यानेही वाचलेला असतो. अर्शिफूवर बंदी नसलेल्या सीझनमध्ये तुमचा इन्सिनरोर ८२ वर आहे हे त्याला ठाऊक असेल तर तो अर्शिफूला त्या वेळी मागे घेईल.

म्हणून माझा आग्रह एवढाच की सहा पोकेमॉन दुसऱ्याचे घ्या, हरकत नाही, पण ईव्ही कोऱ्या पाटीवर स्वतः मांडा. घावाने किती नुकसान होईल ते सांगणारा डॅमेज कॅल्क्युलेटर उघडा, कोणाचा कोणता घाव झेलायचाय ते ठरवा आणि आकडे बसवा. चुकले तर चुकू देत.

तिसरी_घंटा
हे मान्य. फक्त गेममध्ये रेंटल कोडने, म्हणजे दुसऱ्याच्या कोडवरून उसन्या, घेतलेल्या टीममध्ये ईव्ही बदलता येत नाहीत. त्यामुळे हे करायचं असेल तर शोडाऊनवर करा किंवा पोकेमॉन स्वतः घडवा.

डोंगरमाथा
कोऱ्या पाटीला माझा विरोध कायम आहे. मूळ आकडे ठेवा, प्रत्येकाचं कारण शोधा, आणि ज्याचं सापडणार नाही तेवढाच बदला. इन्सिनरोरपासून सुरुवात करा, कारण तो कितीतरी टीममध्ये असतो आणि त्याचे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात.