पावसाळ्यात कोणते बेट निवडावे? गोव्यातील मंडळींचे अनुभव

आम्ही दोघे कांदोळीला आठ खोल्यांचे गेस्ट हाऊस चालवतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळण्यात आमचे दिवस जातात, त्यामुळे आमची स्वतःची सुट्टी जून ते ऑगस्ट याच काळात घ्यावी लागते आणि गणेश चवथीच्या आधी घरी परतावे लागते. येत्या ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला 25 वर्षे होतील. त्या निमित्ताने पाच-सहा लाख रुपये बाजूला काढून चार-पाच दिवस एखाद्या उत्तम बेटावर राहायचे ठरवले आहे. मालदीव, मॉरिशस, सेशेल्स आणि अंदमान ही नावे समोर आहेत, परंतु प्रत्येक रिसॉर्टच्या छायाचित्रात तोच निळा समुद्र आणि तीच पांढरी वाळू दिसते. समुद्र तर आमच्या दारातच आहे. मग एवढा खर्च करून जिथे जायचे तिथे गोव्यात नाही असे काय मिळेल, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. पत्नीला पोहता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

मडगावहून

आम्ही जूनमध्ये मालदीवला गेलो होतो. रिसॉर्ट निवडताना खोली, जेवण, स्पा असे सगळे पाहिले, पण विमानतळावरून बेटावर कसे पोहोचायचे याकडे दुर्लक्ष केले, आणि तेच महागात पडले. लांबच्या बेटांवर सीप्लेनने जावे लागते आणि ती विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. आमचे विमान उशिरा पोहोचले आणि दुपारी चारनंतर सीप्लेन मिळाले नाही. ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेमध्ये स्वतःच्या खर्चाने काढावी लागली, शिवाय रिसॉर्टमधील त्या रात्रीचे भाडेही बुडाले. म्हणून आदल्या दिवशी मुंबई किंवा बंगळुरूला मुक्काम करून सकाळी राजधानी मालेला उतरेल असेच तिकीट काढावे, किंवा स्पीडबोटने जाता येईल असे जवळचे बेट घ्यावे, कारण स्पीडबोट रात्रीही जाते. सीप्लेनमध्ये सामान 20 किलो आणि हातातले 5 किलो एवढेच चालते. आणखी एक गोष्ट गोव्याच्या माणसाला सांगायलाच हवी: भेट म्हणून फेणी किंवा घरचे चोरीस (डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज) नेऊ नयेत, मालदीवमध्ये दारू आणि डुकराचे मांस दोन्ही आत नेता येत नाही. रिसॉर्टमध्ये मात्र मद्य मिळते.

वास्कोहून

मी मालदीवमध्ये वेगवेगळ्या रिसॉर्टांत अकरा वर्षे उपाहारगृह विभागात काम केले आहे. पाहुण्यांचा आनंद आणि त्यांची निराशा दोन्ही जवळून पाहिल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असते, त्यामुळे बेट चुकले तर संध्याकाळी बाहेर जाऊन दुसरीकडे जेवण्याची सोय नसते. म्हणूनच खोलीआधी बेट पाहावे, आणि बेटातही सर्वात आधी पाणी पाहावे. बेटाभोवती लॅगून, म्हणजे उथळ, शांत पाण्याचा पट्टा असतो आणि त्याच्या कडेला प्रवाळांची भिंत खोल पाण्यात उतरते. मासे, कासवे, रंग हे सारे त्या कडेला असते. काही बेटांवर ही कडा किनाऱ्यापासून 30-40 मीटरवर असते, तर काहींवर कित्येकशे मीटर दूर असते. ज्या बेटांचे लॅगून विस्तीर्ण असते त्यांची छायाचित्रे सर्वात सुंदर येतात, आणि पाण्यात उतरल्यावर तिथे फक्त वाळू दिसते. गोव्याच्या समुद्रात जे नाही ते हेच स्वच्छ पाणी आणि जिवंत प्रवाळ. त्यासाठीच जायचे असेल तर कडा जवळ असलेले बेट घ्यावे आणि लॅगूनमध्ये खांबांवर उभ्या असलेल्या वॉटर व्हिलाचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 1998 आणि 2016 साली पाणी तापून तिथले बरेच प्रवाळ पांढरे पडले, त्यामुळे आजची स्थिती रिसॉर्टच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला थेट विचारावी. बहुतेक मोठ्या रिसॉर्टांत असा माणूस असतो आणि तो खरे सांगतो.

ऑगस्टमध्ये तिथेही नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. आपल्यासारखी आठवडाभराची झड क्वचितच लागते, पण वारा आणि लाटा पश्चिमेकडून येतात, म्हणून बेटाच्या पूर्व बाजूची खोली मागावी. याच दिवसांत बा अॅटॉल या कंकणाकृती बेटसमूहातील हनिफारू या उपसागरात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गोळा होतात आणि ते खाण्यासाठी मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे मोठ्या संख्येने येतात. बा अॅटॉल 2011 पासून युनेस्कोचे राखीव जीवावरण क्षेत्र (बायोस्फिअर रिझर्व्ह) आहे. हनिफारूमध्ये डायव्हिंगला बंदी असून मार्गदर्शकासोबत, ठरावीक वेळच पाण्यात राहता येते. पाणी त्या वेळी थोडे गढूळ असते, तरी पंख पसरून खालून सरकत जाणारा मांटा पाहिलेला माणूस बोटीवर परत आल्यावर काही वेळ बोलत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

हिशोबाचेही सांगतो. जाहीर दरावर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 17 टक्के पर्यटन कर लागतो. शिवाय माणशी, दर रात्री 12 डॉलर हरित कर. म्हणजे 500 डॉलरची खोली प्रत्यक्षात 643.50 डॉलरला पडते आणि दोघांचा हरित कर धरून चार रात्रींचे 2,000 डॉलर 2,670 होतात. सीप्लेनचे भाडे यात नाही, आणि तेही माणशी काहीशे डॉलर असते. पाण्याची बाटलीसुद्धा महाग असते, म्हणून तिन्ही वेळचे जेवण आधीच दरात धरून घ्यावे.

फोंड्याहून

आम्ही जुलैमध्ये सासूबाईंना घेऊन मॉरिशसला गेलो होतो. ऊसमळ्यांवर कामासाठी गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे वाचल्यापासून सासूबाईंनी तेच बेट मनाशी धरले होते. चवथीला स्वतःचे घर सोडून जाणे आमच्याकडे शक्यच नव्हते, म्हणून आधी गेलो. रिसॉर्ट सुंदर होते, परंतु पूर्व किनाऱ्यावरील ‘बेल मार’ या ठिकाणी होते आणि त्या महिन्यांत आग्नेयेकडून सतत वारा वाहतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. सासूबाई तीन दिवस शाल पांघरून व्हरांड्यात बसल्या. चौथ्या दिवशी गाडी करून पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला गेलो, तर तिथे पाणी परातीत ठेवल्यासारखे शांत होते, आणि सासूबाई कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभ्या राहिल्या. जुलै-ऑगस्टमध्ये मॉरिशसला जाणाऱ्यांनी पश्चिम किंवा वायव्य किनाराच घ्यावा. मालदीवच्या तुलनेत इथला फायदा असा की रिसॉर्टच्या बाहेर एक देश आहे: बाजार, देवळे, गंगा तलाव, डोंगर. ज्यांना दोन दिवसांनी बेटाचा कंटाळा येतो त्यांनी मालदीवला जाऊच नये.

म्हापशाहून

ऑगस्टसाठी अंदमान सुचवणार नाही. आम्ही जानेवारीत स्वराज द्वीपवर राहिलो तेव्हा राधानगरचा किनारा पाहून धन्य झालो, परंतु माझा भाऊ जुलैमध्ये गेला असता समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाली आणि दोन दिवस तो पोर्ट ब्लेअरलाच अडकला. शिवाय बेटाच्या पूर्व बाजूच्या रिसॉर्टांसमोर ओहोटीला पाणी खूप मागे जाते आणि नुसते खडक उघडे पडतात. जानेवारीतसुद्धा भरतीचे वेळापत्रक पाहूनच पोहावे लागले.

पर्वरीहून

सेशेल्स. ऑगस्टमध्ये हवा कोरडी आणि सुखद असते, पण आग्नेय वाऱ्यामुळे काही किनाऱ्यांवर समुद्रशैवाल साचते. माहे बेटावरील बो व्हालोंसारखा वायव्येकडे तोंड असलेला किनारा त्या वेळी शांत असतो. प्रालें बेटावरील व्हॅले द मे या जंगलात कोको द मेरची झाडे पाहिली. माडांमध्ये वाढलेल्या माणसाला तो दुहेरी नारळ हातात घेताना जे वाटते ते लिहून सांगता येत नाही. विमानप्रवास मात्र लांब आणि महाग पडतो.

काणकोणहून

आपल्या पत्नीसाठी लिहिते. मी मासेमारी करणाऱ्यांच्या वाड्यावर जन्मले, तरी वयाच्या 48व्या वर्षापर्यंत मला पोहता येत नव्हते. समुद्र हा पुरुषांच्या कामाचा आणि आमच्या भीतीचा, असेच घरात होते. मालदीवच्या लॅगूनमध्ये लाइफ जॅकेट घालून, मार्गदर्शक मुलीचा हात धरून मी पाण्यात तोंड घातले आणि खाली छातीएवढ्या पाण्यात पिवळ्या माशांचा थवा दिसला. जन्मभर मासे टोपलीतच पाहिले होते. पोहता येत नाही हे कारण सांगून आपल्या पत्नीला किनाऱ्यावर बसवू नका. मात्र कडा आणि शांत उथळ पाणी दोन्ही असलेले बेट शोधा, आणि मार्गदर्शक रोज मिळतो का ते आधी विचारा.

कांदोळीहून

सर्वांचे मनापासून आभार. सेशेल्स खर्चात बसत नाही आणि अंदमान पुढे कधीतरी डिसेंबरात, मुलाने गेस्ट हाऊस सांभाळले तर. मॉरिशसचा पश्चिम किनारा आणि बा अॅटॉल यांत आठवडाभर मन डोलत होते. शेवटी बा अॅटॉलमधील दोन रिसॉर्टांना तेच चार प्रश्न पाठवले: कडा किती मीटरवर आहे, पूर्वेची खोली मिळेल का, न पोहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक रोज असतो का, आणि सर्व करांसह एकूण रक्कम किती. एकाने रंगीत पुस्तिका पाठवली. दुसऱ्याच्या सागरी जीवशास्त्रज्ञाने स्वतः उत्तर दिले की कडा धक्क्यापासून 40 मीटरवर आहे, उतरायला शिडी आहे, उत्तरेच्या बाजूचे प्रवाळ 2016 नंतर अजून सावरलेले नाहीत म्हणून पूर्वेकडून उतरावे, आणि पाहुणी पोहत नसेल तर पहिला दिवस लॅगूनमध्येच घालवावा. तिथे चार रात्री नक्की केल्या आहेत. आदल्या दिवशी बंगळुरूला मुक्काम आहे. पत्नीने काल म्हापशाच्या बाजारातून पाण्यात घालायचे बूट आणले.