एकाच पेटीत दोन काळ कसे?

प्रश्न (विरारकर):
गेल्या रविवारी नालासोपाऱ्याचा स्तूप पाहिला. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. मग पेटीचा काळ कोणता धरायचा?

प्रतिसाद १ (दादरचे काका):
पेटी शेवटची बंद झाली तो काळ मूर्तींवरून धरायचा, कारण बंद जागेतली सर्वांत नवी वस्तू एवढेच खात्रीने सांगते की ती जागा त्याआधी बंद झालेली नव्हती. आमच्या देवघरात राणीछाप रुपया आहे, म्हणून काही ते देवघर व्हिक्टोरियाच्या काळातले ठरत नाही. मात्र सोपाऱ्याचे नाणे झिजलेले नव्हते. त्यामुळे मूळ ठेव सातवाहनकाळी पुरली गेली आणि पुढे कधीतरी पेटी उघडून मूर्ती ठेवल्या, असे मानणे मला अधिक पटते.

प्रतिसाद २ (पांढरीवाला):
यातच पुढचा प्रश्नही येतो, की खोल सापडले ते जुनेच का? थर अखंड असतील तरच. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात मात्र माणसे सतत खड्डे खणत आलेली असतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला (उत्खनन १९६८ ते १९८३) घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत लहान मुले पुरलेली आढळली. ती दफने भोवतालच्या मातीपेक्षा नंतरची आहेत, आणि हे कळते ते खड्ड्याची कड कोणत्या जमिनीपासून सुरू होते हे पाहून. म्हणूनच ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी चौकोनी खड्ड्यांमध्ये मातीच्या उभ्या भिंती राखण्याचा आग्रह धरला. त्या भिंतीच्या कापावर थरांच्या रेषा वाचता येतात. एकदा भिंत ढासळली की तो पुरावा गेलाच.

प्रश्न (विरारकर):
आणि कार्बन १४ वरून कोळसा, धान्य अशा वस्तूंचा काळ काढतात, त्याचे काय?

प्रतिसाद ३ (कुलाबा):
भारतातली या पद्धतीची पहिली प्रयोगशाळा आमच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होती. जुन्या अहवालांत तिचे नमुने ‘टीएफ’ क्रमांकांनी नोंदलेले दिसतात. पण कोळशाची तारीख लाकडाची वाढ थांबली त्या वेळची असते, चूल पेटली त्या वेळची नव्हे. शंभर वर्षांची जुनी तुळई चुलीत घातली असेल, तर उत्तर तेवढेच मागे जाते; म्हणून जळलेले धान्य मिळाले तर तेच आधी पाठवावे.