भुताचा सिनेमा न बघणारा माणूस भित्राच असतो का?

कॉलेजरोडकर (धागाकर्ता)

आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत एक टोळकं आहे. नवा हॉरर लागला की लास्ट शोची तिकिटं काढायची आणि सोमवारी टपरीवर चहा घेताना कोण किती टरकलं याची उजळणी करायची. मी जात नाही, म्हणून माझं नाव ‘भागूबाई’ पडलंय. (घाबरतात त्या बायकाच, हे कुणी ठरवलं तो वेगळा धागा.)

मला रडके सिनेमे चालतात, मारामारीचे चालतात, रहस्यकथा तर आवडतातच. पण तिकिटाचे तीन-चारशे रुपये मोजायचे, पॉपकॉर्नचे वेगळे, आणि अंधारात बसून कुणीतरी कानाशी भांडं आपटणार याची वाट बघायची, यात करमणूक कुठे आहे? गोष्ट सांगा म्हटलं तर या टोळक्यातल्या एकालाही धड सांगता येत नाही. जुना वाडा, नवं जोडपं, एक बाहुली, शेवटी मांत्रिक. संपलं.

ज्यांना आवडतं त्यांनी नेमकं काय आवडतं ते सांगा. ‘थ्रिल’ एवढंच उत्तर चालणार नाही.

पिंपळावरचा_मुंजा

नावाला जागून पहिला प्रतिसाद माझा.

भाऊ, हा प्रश्न नाशिककराने विचारावा? रविवारी सकाळी मिसळीवर तर्री ओतून, नाक पुसत ‘अजून आणा’ म्हणणारे आपण. जीभ भाजतेय हे कळतं, जीव जाणार नाही हेही कळतं, मजा त्या दोन्हीच्या मधे आहे. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मिरची आणि भीतीचे सिनेमे एकाच पंगतीत बसवलेत, माझ्या मनचं सांगत नाही.

आता शरीराचं बघ. पडद्यावर दार करकरलं की छाती धडधडते, तळहात घामेजतात. धोका खोटा, पण अंगाची तयारी खरी. प्रसंग टळला तरी धडधड लगेच ओसरत नाही आणि त्या उरलेल्या धडधडीमुळे सुटकेचा आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो. ही मांडणी डॉल्फ झिलमन या मानसशास्त्राच्या अभ्यासकाची, १९७०च्या दशकातली. किंकाळीनंतर अख्खं थेटर खदखदून हसतं ते यामुळेच. ऐकलं असशील. नाही, तू कुठून ऐकणार, आलाच नाहीस.

कॉलेजरोडकर

मिसळ येणार हे ठाऊकच होतं. फरक एवढाच की तर्री मी माझ्या हाताने ओततो. सोसेना झालं की थांबतो. सिनेमात वाटी दुसऱ्याच्या हातात असते.

पिंपळावरचा_मुंजा

डोळ्यांवर हात ठेवायला कुणी बंदी केलीय का? बोटांच्या फटीतून बघण्यात तर खरी गंमत.

निफाडची_द्राक्षं

शहरातल्या मंडळींनो, आमचंही ऐका. शेतीची लाईट रात्रीची असली की बाराच्या पुढं मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, खिशातल्या मोबाईलवर फुल आवाजात गाणी. भुतासाठी नाही, बिबट्यासाठी. ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात आमच्याकडं. बांधावरून चालताना पाचट वाजलं की वारा आहे का जनावर, हे कळायच्या आत पाय थांबतात. मग बॅटरी फिरवायची. डोळे चमकले तर दोन डोळ्यांत अंतर किती आणि जमिनीपासून उंची किती, यावरून मांजर, कोल्हा का तो, हे ताडायचं. तेवढ्या वेळात घशाला जी कोरड पडते ती खरी भीती. तिच्यात मजा शून्य.

आणि तरी मला भुताचे सिनेमे लई आवडतात. २०१७ला ‘लपाछपी’ आला, सगळी गोष्ट उसाच्या फडात. घरची म्हणाली, रोज ऊसच बघता, आता पैसे देऊन बघणार का? म्हणलं, या उसात बिबट्या नाही याची गॅरंटी आहे. खुर्चीत बसून घाबरायला मिळणं ही चैन आहे राव, ती तुम्हाला कळायची नाही.

रात्रपाळी_सिस्टर

निफाडच्या दादांचं पटलं. माझं मात्र बरोबर उलटं आहे.

मी वॉर्डात रात्रपाळी करते. माणूस गेला की त्याचे डोळे मिटवायचे, हनुवटी बँडेजने वर बांधायची, नाकात कापूस घालायचा, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, हे काम आमचं. करताना मी त्यांच्याशी बोलतेसुद्धा, ‘काका, हात जरा इकडे घेते हं.’ हात गार होत जातो, बोटं कडक व्हायला लागतात, एवढंच. भीती वाटते ती बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या त्यांच्या मुलाला कसं सांगायचं याची.

आणि सिनेमात काय दाखवतात? माणूस मेला की लगेच शत्रू. कालपर्यंत आई होती, आज नखं वाढवून लेकराच्या जिवावर उठली. आपल्या रामकुंडावर बारा महिने कुठून कुठून लोक अस्थी घेऊन येतात. त्या कपड्यात बांधलेल्या मडक्याला घाबरलेला एक माणूस मला दाखवा. छातीशी धरून आणतात. मला हॉरर नको वाटतो तो भीतीपोटी नाही, गेलेल्यांची फुकट बदनामी होते म्हणून.

पिंपळावरचा_मुंजा

सिस्टर, बदनामीचा मुद्दा वाईट सिनेमांना शंभर टक्के लागू. पण चांगल्या भूतकथेत भूत शत्रू नसतं, फिर्यादी असतं. (‘लपाछपी’ न बघितलेल्यांनी पुढचं वाक्य सोडा.) तिथे फडात फिरणाऱ्या भुतांच्या मागे नकोशा म्हणून मारलेल्या मुली आहेत. जी केस कुठल्याच कोर्टात उभी राहिली नाही, ती तिथे उभी राहते. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचत मोठ्या झालेल्यांना हे मी सांगायला नको.

विवेकी_नाशिककर

फिर्यादी ठीक आहे हो, पण निकाल कोण देतं? मांत्रिक!

ही चाल बघा. घरातली बाई अचानक वेगळं वागायला लागते. नवरा डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर चष्मा काढतो, ‘विज्ञानाच्या पलीकडचं आहे’ म्हणतो आणि पुढच्या सीनला लिंबू, राख, मंत्र. बाई बरी. आता हेच आपल्या जिल्ह्यात बघा. पाड्यांवर आजही मुलीला झटके आले की अनेकदा आधी भगत, मग सरकारी दवाखाना. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून लिहिलंय. म्हणजे हे प्रकार होत होते म्हणूनच लिहावं लागलं. पडद्यावर त्याच गोष्टीला पार्श्वसंगीत दिलं की टाळ्या पडतात. यात मला तरी मजा वाटत नाही.

अण्णा_पंचवटी

विवेकी, सिनेमा नव्हता तेव्हाही भुतं होतीच. कसारा घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, हे मी लहानपणी एका ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं. आता नातू तेच मोबाईलवर ऐकतो. एवढ्या वर्षांत चौपदरी रस्ता झाला, पण त्या बाईला गाडी काही मिळाली नाही!

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. भरतमुनींनी आठ रसांत भयानक धरला, त्याचा रंग काळा. बीभत्स वेगळा, त्याचा निळा. हल्लीचे दिग्दर्शक दोन्ही एकच समजतात. आतडी दाखवून किळस आणणं सोपं आहे, भय निर्माण करायला डोकं लागतं. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ला आम्ही मित्रांनी पाहिला तेव्हा निम्मा वेळ हसतच होतो. पण हसलो, ओरडलो, घरी गेलो. कुणी भगताकडे गेलं नाही.

आवाजवाला

मी नाटक आणि कार्यक्रमांच्या साऊंडचं काम करतो, तेवढ्यापुरतंच बोलतो. धागाकर्त्याचं ‘कानाशी भांडं आपटतात’ हे तंतोतंत खरं आहे. रीत ठरलेली. आधी एकेक आवाज काढून घ्यायचा. संगीत थांबतं, मग रातकिडे, मग पंख्याची घरघर. ऐकायला काहीच उरलं नाही की कान आपोआप टवकारतात. मग एकदम तडाखा. त्यावर दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, शूर असो नाहीतर भागूबाई. घरी करून बघा. तोच सीन म्यूट करून लावा, हसू येईल. मग डोळे मिटून नुसता आवाज ऐका, काटा येईल.

पण सगळे सिनेमे असे नसतात. ‘तुंबाड’मधे तो पाऊस आठवा. दचकवण्यापेक्षा भिजवत भिजवत आत नेतात, आणि आत गेल्यावर कळतं की भीती राक्षसाची नाही, बापलेकाच्या हावरटपणाची आहे. २०१८ला बेताचाच चालला, २०२४ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. नुसत्या दचक्यांचा सिनेमा परत बघायला कोण जाईल? दचका एकदाच लागतो.

लास्टशो_लेडी

कॉलेजरोडकर, तुमच्या टोळक्याला हे वाचून दाखवा. १९८६मधे त्याच झिलमन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुला-मुलींना जोडीने हॉरर दाखवला. शेजारची मुलगी घाबरली की मुलांना सिनेमा जास्त आवडला. शेजारचा मुलगा घाबरला नाही की मुलींना जास्त आवडला. म्हणजे निम्मा खेळ पडद्यावर नाही, खुर्च्यांमधे चाललेला असतो. तुमचे मित्र भूत बघायला जात नाहीत, एकमेकांना बघायला जातात.

मी एकटी जाते. मागची कोपऱ्यातली सीट, फोन बंद. दिवसभर टार्गेट, लोनचे फोन, सासरच्यांचे निरोप. ही सगळी काळजी अशी की तिला तोंड नाही, शेवट नाही. सिनेमातल्या भीतीला निदान इंटरव्हल असतो. दोन तास डोक्यात दुसरं काही येत नाही. किती घाबरायचं याचंही माप आहे बरं का. डेन्मार्कमधे एका भयघरात (तिकीट काढून घाबरायला जायची जागा) ११० जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून २०२०मधे अभ्यास प्रसिद्ध झाला. फार कमी घाबरले त्यांनाही मजा नाही, फार घाबरले त्यांनाही नाही. मधल्यांना सगळ्यात जास्त. म्हणून म्हणते, न आवडणारा भित्रा नसतो, त्याचं ‘मधलं’ लवकर येऊन जातं.

आणखी एक. करोनाच्या सुरुवातीला अमेरिकेत ३१० जणांची पाहणी झाली, त्यात हॉररच्या चाहत्यांना मानसिक त्रास कमी जाणवल्याचं दिसलं.

विवेकी_नाशिककर

हॉररमुळे माणूस घट्ट झाला, की मुळात घट्ट असलेलेच हॉरर बघतात? तेवढ्या पाहणीवरून दोन्ही म्हणता येतं. औषध म्हणून विकू नका.

लास्टशो_लेडी

विकत नाहीये हो. तिकीट माझं मी काढते.

कॉलेजरोडकर

आवाजवाले, तुमच्या प्रतिसादाने माझं मलाच स्पष्ट झालं. मला भीतीचं वावडं नाही, मला फसवून दचकवण्याचं आहे. ‘तुंबाड’ बघेन, पण घरी, दुपारी, रिमोट हातात घेऊन.

पिंपळावरचा_मुंजा

दुपारी?! रिमोट घेऊन?! अरे, ‘थांबवता येत नाही’ हीच तर थेटरची कमाई. अंधार, अनोळखी माणसं, मागच्या रांगेतली किंकाळी. तुझ्यासारखे प्रेक्षक असते तर त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी फोटो स्टुडिओच चालवला असता.

सिडकोतली_आई

तुमचं मोठ्यांचं चालू द्या, मला वेगळं विचारायचंय. सुट्टीत भाचरं जमली आणि आमच्या भाऊजींनी मुलांना मोबाईलवर कसला तरी इंग्रजी भुताचा सिनेमा दाखवला, ‘पोरं धीट होतात’ म्हणून. तेव्हापासून माझा मुलगा बाथरूमला एकटा जात नाही. नळ सोडून बसतो आणि मला बाहेरून सारखं ‘आई, आहेस ना’ विचारत राहतो. पलंगाखाली चपला ठेवू देत नाही. कुणाच्या आहेत असं वाटतं म्हणे. सेन्सॉरने आता यूए ७+, १३+, १६+ असे भाग केलेत, चांगलंय, पण भाऊजींच्या मोबाईलला कोण सर्टिफिकेट विचारणार? आम्हीही १९९३च्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला घाबरून बाहुल्या कपाटात कोंडल्या होत्या, पण त्यात लक्ष्या होता, हसायची सोय होती.

आवाजवाला

ताई, तोच सीन आवाज बंद करून, दिवसा, त्याला मांडीवर घेऊन दाखवा. मेकअप कसा करतात त्याचे व्हिडिओही मिळतात. रबराचं आहे हे दिसलं की सुटेल.

रात्रपाळी_सिस्टर

मुळीच दाखवू नका! ज्याने झोप उडाली तेच पुन्हा कशाला? थोडे दिवस त्याच्याजवळ झोपा, बाथरूमचा दिवा चालू ठेवा, हसू नका आणि ‘एवढा मोठा झालास’ म्हणू नका. तरीही खूप दिवस चाललं तर मुलांच्या डॉक्टरांना विचारा.

अण्णा_पंचवटी

आमच्या वेळी रामरक्षा म्हणायला लावायचे. विवेकी रागावतील, पण झोप लागायची.

विवेकी_नाशिककर

रागावत नाही अण्णा. लय लागली की श्वास संथ होतो, पाढे म्हटले तरी झोप लागेल.

सिडकोतली_आई

सिस्टरचं ऐकते. पाढे त्याला भुताहून नकोसे आहेत, ते राहू दे. भाऊजींना मात्र येत्या रविवारी मुक्कामाला बोलावलंय आणि रात्री बाथरूमच्या दारापाशी उभं राहायची ड्यूटी त्यांची.