मुलुंड पूर्वेला भाड्याने द्यायला जुना वन बीएचके: हिशेब बसतो का?

मुलुंडकर_७२
१९८८ ची सोसायटी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. दुसरा मजला, कार्पेट ३८० फूट. मालक ८५ लाखांवर अडून बसलाय. एजंट म्हणतो भाडं २६ हजार सहज येईल. ६० लाख कर्ज काढावं लागेल. सोसायटी भाडेकरू ठेवल्यास महिना २,००० 'नॉन ऑक्युपन्सी' मागते आणि आधी कमिटीची परवानगी घ्या म्हणते. हे रीतसर आहे का? शिवाय एजंटच्या मते नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार पुरतो. जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड
आधी खरी किंमत काढा. ८५ लाखांवर ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५.१० लाख (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, भाव जास्त निघाला तर त्यावर), नोंदणी ३० हजार, दलाली २ टक्के धरली तर १.७० लाख. झाले ९२.१० लाख, रंगकाम वेगळं. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट आहे.

आता भाडं. वर्षाचे ३.१२ लाख. त्यातून एक महिना रिकामा, २६ हजार. मेंटेनन्स ३,५०० प्रमाणे ४२ हजार. किरकोळ दुरुस्ती १५ हजार. हातात राहतात २.२९ लाख, म्हणजे एकूण किमतीच्या अडीच टक्क्यांच्याही आत. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं घेतलं तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास. भाड्याच्या दुप्पट! तेव्हा हा सौदा भाड्यावर तगत नाही, तो रीडेव्हलपमेंटच्या आशेवर उभा आहे. तसं उघड म्हणा आणि त्या दृष्टीने भाव करा.

भाडेकरार_वाला
नोटरीवर जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरा तोटा निराळाच. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करत बसायचं तुम्ही. मुदत संपूनही तो हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाडंही मागता येतं. तिथे नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार) असेल तोच कामी येतो.

खर्च तरी किती? २६ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, ३६ महिने: एकूण भाडं ९.३६ लाख, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ३० हजार, त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २,४१५ रुपये. नोंदणी १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार याहून महाग पडतात, दर वेळी दलालाची फेरी वेगळी. मात्र ३६ महिन्यांच्या करारात दोन्ही बाजूंनी नोटिशीची मुदत आणि वार्षिक वाढ लिहून घ्या. चावी देताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा.

सोसायटी_सचिव
२,००० चुकीचे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने बिनवहिवाट शुल्क (तेच ते 'नॉन ऑक्युपन्सी') सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेऊ नये असं ठरलंय. पालिकेचे कर, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) त्यात धरायचे नाहीत. बिलातलं सेवा शुल्क १,५०० असेल तर १५० रुपये, बस्स. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण राहत असतील तर तेही नाही. परवानगीही लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांवर जात नाही. 'डोनेशन' म्हणून जास्त मागतील, तर लेखी मागा म्हणावं. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

कागद_आधी
भाड्याचं नंतर बघा, टोकनआधी कागद. इमारत १९८८ ची, म्हणजे बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजवरच्या साखळीतला प्रत्येक करार मुद्रांकित आणि नोंदवलेला दिसला पाहिजे. एक गहाळ असला तरी बँक अडते. विकणाऱ्याला फ्लॅट वारसाने आला असेल तर शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर) नाव आहे म्हणून खूश होऊ नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकी वारसांचं हक्कसोडपत्र हवं.

कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर रीडेव्हलपमेंट रखडणार, आणि आकडेमोड यांनी मांडलेला सगळा डाव त्यावरच आहे.

५० लाखांच्या पुढचा व्यवहार आहे, तेव्हा १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर) म्हणजे ८५ हजार तुम्ही कापून भरायचे. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्का लागू नाही, बरीच मोठी रक्कम कापावी लागते. सीएला विचारल्याशिवाय हात घालू नका.

आणि घर दाखवायला नेतील तेव्हा मोरीचं छत बघा. बाकी छत मळकं आणि मधेच ताज्या रंगाचा चौकोन दिसला, की वरच्या संडासाची गळती झाकलेली आहे. ती वरच्या सभासदाने दुरुस्त करायची असते, सोसायटीने नाही, म्हणून वर्षानुवर्षं लोंबकळते.