मदत हवी आहे: आई आणि बहिणीच्या लिव्हर एमआरआयमधल्या एडीसीत एवढा फरक का?

नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले, घरची शेती. महिन्याभरात घरात दोन एमआरआय झाले. आईचा (वय 56) यवतमाळला, कारण तिला शुगर आहे आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं. बहिणीचा (वय 27) नागपूरला. तिच्या लिव्हरमधली गाठ हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ निघाली, तो घोर मिटला.

दोन्ही रिपोर्टांत डिफ्यूजन या भागाखाली बाकीच्या लिव्हरचा एडीसी नावाचा आकडा दिलाय. बहिणीचा 1.24, आईचा 0.96. भाच्याने कागद शेजारी ठेवून मोठ्यानं वाचले. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होत गेलं की, हा आकडा उतरतो असं मी नेटवर वाचलं होतं, तेही बोलून गेलो. तेव्हापासून आई ताटावर बसते अन् अर्धी भाकर तशीच ठेवून उठते. "माहं लिव्हर खराब झालं का रे बाबू?" एवढंच विचारते. डॉक्टरांची तारीख 20 दिवसांनी आहे, अन् वेचणीचे दिवस. वयामुळे एवढा फरक पडतो का? कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: दादा, मी एमआरआय टेक्निशियन आहे. निदान डॉक्टरच करतील, पण हे दोन आकडे असे शेजारी ठेवू नका. एडीसी म्हणजे पेशींच्या आसपास पाणी किती मोकळं हलतं त्याचं माप. लिव्हरमध्ये लोह जास्त असलं की सिग्नल लवकर विझतो आणि मोजलेला एडीसी खाली येतो. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंगातून दर महिन्याला लोह जातं, पाळी गेली की साठा वाढत जातो. त्यामुळे तरुण मुलींचा आकडा पुरुषांपेक्षा आणि उतारवयातल्या बायकांपेक्षा वर दिसतो. काकूंच्या लिव्हरमधली चरबीही तो खाली ओढते. फायब्रोसिसनेही उतरतो हे खरं, पण नुसत्या या आकड्यावरून ते ठरवत नाहीत. डॉक्टरांना फायब्रोस्कॅनचं, म्हणजे लिव्हर किती कडक आहे ते मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा.

दोन गोष्टी कळवा. रिपोर्टात बी-व्हॅल्यू, म्हणजे डिफ्यूजन स्कॅनची सेटिंग, किती लिहिल्यात? आणि आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत, म्हणून विचारते, काकूंना वरचेवर रक्त चढवलंय का? त्यानेही लिव्हरमध्ये लोह साठतं.

धागाकर्ता: ताई, सिकल नाही, गावच्या शिबिरात तपासलं होतं. रक्त कधीच चढवलं नाही. पाळी जाऊन 6 वर्षं झाली. बी-व्हॅल्यू आईच्या 50 आणि 800, बहिणीच्या 0 आणि 800. मशीनही वेगळी, चुंबकाची ताकद आईच्या मशीनची 1.5 टेस्ला, बहिणीच्या मशीनची 3.

प्रतिसाद: मग तर तुलनाच होत नाही. 0 धरलं की बारीक नसांतला रक्तप्रवाहही मापात मिसळतो आणि आकडा वर जातो. 50 पासून धरलं की तो बराचसा गळतो. पुढे आईचा एमआरआय पुन्हा करायची वेळ आली तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा आणि जुनी सीडी सोबत न्या. तारखेआधी शुगर आणि लिव्हर फंक्शनचे ताजे रिपोर्ट काढून ठेवा.

धागाकर्ता: आत्ताच शेतात जाऊन आईला सगळं वाचून दाखवलं. पाळीचं ऐकून लाजली, मग डबा उघडला. फायब्रोस्कॅन यवतमाळला होतो की नागपूरलाच जावं लागेल?