शब्दचर्चा: अव्हाँ-गार्दला ‘बिनी’ चालेल का?

रेघोट्या: ‘मार्सेचे पत्ते’ या चित्रमालेवर टिपण लिहिते आहे. १९४०-४१ साली नाझींच्या तावडीतून निसटलेले चित्रकार, लेखक फ्रान्समधल्या मार्से बंदरात युरोपबाहेर पडायच्या कागदपत्रांची वाट बघत होते. व्हेरियन फ्राय या अमेरिकी पत्रकाराची मदत समिती त्यांच्यासाठी खटपट करत होती. गावाबाहेरच्या ‘एर-बेल’ बंगल्यात अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या, कवी आंद्रे ब्रतों याच्याभोवती ही मंडळी जमत, आणि तिथेच सगळ्यांनी मिळून पत्त्यांचा नवा जोड रेखाटला. माझं वाक्य अडलंय ते असं: ‘अव्हाँ-गार्द चित्रकारांची अतिवास्तववादी ड्रॉइंग्ज’. तीन शब्द, तिन्ही परके वाटतात.

कोशकीटक: अव्हाँ-गार्द म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी. आपल्याकडे त्यासाठी अस्सल शब्द आहे, बिनी. पेशवाईतले विसाजी कृष्ण बिनीवाले आठवा. ‘बिनीचे चित्रकार’ लिहा.

तिरपागडा: अर्थ बरोबर, पण आज कोण तसा वाचतो? ‘बिनीचे शिलेदार’ हे वर्तमानपत्रांनी इतकं झिजवलंय की त्याचा अर्थ ‘पहिल्या फळीतले, नामवंत’ एवढाच उरला. पुढची वाट ठाऊक नसताना पाऊल टाकणारा, हा भाव गेला. शिवाय ही माणसं बिनीवर कुठली? जीव मुठीत धरून पळत होती. डिसेंबर १९४० मध्ये नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचा प्रमुख मार्शल पेतां मार्सेला येणार म्हणून पोलिसांनी बंगल्यातल्या लोकांना उचलून ‘सिनाया’ बोटीवर कोंडलं होतं.

कोशकीटक: ही विसंगती मुळातच आहे. फ्रेंच लोकांना साहित्यातही लष्करी उपमा लागतात, अशी टर फ्रेंच कवी बोदलेरने एकोणिसाव्या शतकातच उडवली होती. आणि तोच बोदलेर या जोडात मानाच्या पत्त्यावर बसलाय! मला तर म्हणूनच ‘बिनी’ हवा. फक्त पहिल्या वापरात ‘बिनीवरचे’ लिहा, ‘बिनीचे’ नको. षष्ठी काढली की झिजलेला अर्थ बराचसा गळतो.

रेघोट्या: ‘बिनीवरचे’ आवडलं. अतिवास्तवचं, म्हणजे स्वप्नातून, नेणिवेतून आलेल्या ‘सररिअल’चं काय? ‘अति’ म्हटलं की अतिवृष्टी, अतिरेक. वाचकाला वाटेल, फोटोसारखं हुबेहूब चित्र.

कोशकीटक: ‘अति’चा दुसरा अर्थही जिवंत आहे: अतींद्रिय, अतिमानुष. ओलांडून जाणारं. रुळलेला शब्द आहे, राहू द्या. ‘परावास्तव’ वगैरे नवे घडवून काय मिळणार?

खडूफळा: ड्रॉइंगला ‘रेखाचित्र’ नको, त्यातून लेखणीने रंगवलेलं व्यक्तिचित्रही सूचित होतं. ‘रेखाकला’ म्हटलं की शाळेतली एलिमेंटरी परीक्षा आठवून पोटात गोळा येतो. ‘रेखाटन’ घ्या. आणि त्यांच्यातल्या आंद्रे मासों या चित्रकाराबद्दल लिहिणार असाल तर त्याच्या ‘ऑटोमॅटिक’ ड्रॉइंगला स्वयंचलित म्हणू नका, ते मॉलच्या दाराला शोभतं. विषय न ठरवता हात मोकळा सोडायचा, रेघ जाईल तिकडे जाऊ द्यायची. १९२४च्या सुमारास त्याने हे सुरू केलं. ‘आपसूक रेखाटन’ म्हणा.

तिरपागडा: आपसूक मस्त. पण पत्त्यांची नावं कशी करताय? तिथे खरी गंमत आहे.

रेघोट्या: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर रद्द. त्याऐवजी ज्वाळा, तारा, चाक आणि कुलूप. म्हणजे प्रेम, स्वप्न, क्रांती, ज्ञान. राजा-राणीही हद्दपार. राजाऐवजी प्रतिभावंत, गुलामाऐवजी मांत्रिक. विफ्रेदो लाम या चित्रकाराने ‘वंडरलँड’मधली ॲलिस आणि फ्रेंच कवी लोत्रेआमाँ काढले, माक्स अर्न्स्टने मेक्सिकन क्रांतिकारक पांचो व्हिया.

खडूफळा: फ्रेंचमध्ये तो पत्ता ‘व्हॅले’, म्हणजे नोकर. मराठीत थेट गुलाम! त्यामुळे ‘गुलाम काढून टाकला’ हे आपल्या वाक्यात जास्त झोंबतं. तळटीप न देता तसंच ठेवा.

रेघोट्या: राणीच्या जागी ‘सिरेन’ आहे, ग्रीक पुराणातली, गाण्याने खलाशांना भुलवणारी. जलपरी लिहू?

कोशकीटक: जलपरी फार बाळबोध होईल. मोहिनी?

तिरपागडा: मोहिनी म्हटलं की विष्णू आणि अमृताचा घडा. त्यापेक्षा जलपरी बरी. फक्त ‘सायरन’ लिहू नका, युद्धाच्या लेखात सगळ्यांना भोंगाच ऐकू येईल.